सुजाताच्या नावाचा डबा

कूलरला नवा खस, म्हणजे वाळा, भरला आणि त्यावर पहिल्यांदा पाणी सोडलं, की घरभर जो वास पसरतो, तो माझ्यासाठी परीक्षांचा वास आहे. इतरांना त्या वासाने गार वाटतं. मला पेपरांचे गठ्ठे आठवतात. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, आता मला कोणी पेपर काढायला सांगत नाही की तपासायला देत नाही, तरी एप्रिल सरू लागला की मी सकाळी उठून घड्याळाकडे बघते आणि आज ड्यूटी कितव्या खोलीत आहे ते आठवू लागते.

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या गल्लीतून सकाळी मुली स्कूटरवरून परीक्षेला जातात. चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे, आणि पारदर्शक पिशवीत दोन पेनं. समोरच्या घरातली आई रोज फाटकापर्यंत येते आणि मुलीच्या तोंडात दही-साखरेचा चमचा घालते. मुलगी चिडते, ‘मम्मी, लेट हो रहा है’ म्हणते, आणि तरी तोंड उघडते. ते उघडलेलं तोंड मला बघवत नाही. मी आत येऊन भांडी आवरू लागते. आणि भांडी आवरू लागले, की मांडणीवरच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मागच्या बाजूला, तो डबा दिसतो.

साधा स्टीलचा डबा. कडीचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं: सुजाता.

विद्यापीठातल्या आमच्या तत्त्वज्ञान विभागात एक पद्धत होती. ती कुठल्याच नियमात लिहिलेली नव्हती, म्हणून ती मोडायची कशी हे कोणाला कळत नव्हतं. पीएच.डी.च्या मौखिकीला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरगावाहून परीक्षक यायचे, आणि त्यांचं दुपारचं जेवण पीएच.डी. करणाऱ्याच्या घरून यायचं. मुलगा असला तर त्याची आई किंवा बायको रांधायची. मुलगी असली तर ती स्वतःच. माझ्या मौखिकीच्या दिवशी मी सकाळी पुऱ्या तळल्या, कढी केली, मसालेभात केला, साडी बदलली आणि रिक्षात बसले. आत्मा देहाहून वेगळा कसा, हे सिद्ध करून सांगताना माझ्या बोटांना हळद होती. परीक्षक जेवले, हात पुसत म्हणाले, “बहनजी, थीसिस तो ठीक है, पर कढ़ी का जवाब नहीं.” सगळे हसले. मीही हसले. चार वर्षांच्या कामाला ‘ठीक है’, आणि मी हसले. त्या हसण्याचा राग यायला मला फार दिवस लागले, पण आला तो चांगलाच आला. मी गाइड होईन तेव्हा ही पद्धत मोडीन, असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

पुढे मी तिथेच शिकवू लागले, तेव्हा विभागातली एकटीच बाई होते. सहा खुर्च्यांपैकी माझी खुर्ची दाराजवळ, माठाला लागून. येणारा प्रत्येक जण ‘मैडम, ज़रा पानी’ म्हणायचा आणि मी उठायची. त्यातून मी मराठी. नागपूर महाराष्ट्रात गेलं तेव्हा वडील जबलपुरात नोकरीला होते आणि इथेच राहिले, त्यामुळे नागपूरच्या नातेवाइकांत आम्ही ‘हिंदीवाले’ आणि इथे ‘मराठी लोग’. दोन्हीकडे जरा बाजूला सरकून बसायची सवय मला लहानपणापासूनच होती. ती खुर्ची माठापासून खिडकीपर्यंत न्यायला मला सात वर्षं लागली. स्त्रीवादी तत्त्वज्ञानाचा ऐच्छिक पेपर अभ्यासक्रमात आणायला आणखी चार. “अब दर्शन में भी औरत-मर्द होगा क्या?” असं विभागप्रमुख म्हणाले होते. मी म्हटलं, “सर, वह तो शुरू से है. हम बस नाम लेकर बात करें.” या उत्तरावर मी पुढे कितीतरी दिवस खूश होते.

त्या पेपरला पहिल्या वर्षी चार मुली बसल्या. त्यातली एक सुजाता. गोहलपुरातून सायकलने यायची. वडील फॅक्टरीत होते, ती शाळेत असतानाच गेले. आई वच्छलाबाई घरी मशीन चालवायच्या, सलवार-सूट शिवायच्या. नागपूरकडून आलेलं बौद्ध कुटुंब. वर्गात आम्ही हिंदीत बोलायचो, वर्गाबाहेर मराठीत. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मी कोण?’ आणि या प्रश्नावर तासभर बोलले. बाई स्वतःला ‘मी’ म्हणते तेव्हा तो ‘मी’ तिचा किती आणि दुसऱ्यांनी दिलेला किती, वगैरे. तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

“मॅडम, एक विचारू? ही पुस्तकातली बाई दिवसभर ‘मी कोण’ असा विचार करून राहिली. मग तिच्या घरची भांडी कोण घासून राहिलं?”

मला हसू आलं, आणि लगेच अंगावर काटाही आला. असा प्रश्न मला माझ्या सगळ्या शिक्षणात सुचला नव्हता, कारण माझी भांडी घासणारी बाई सकाळी येऊन गेलेली होती.

मग ती माझी विद्यार्थिनी झाली आणि बघता बघता घरचीही झाली. विभागात मॅडम, घरी ताई. मला मूल नाही. रविवारी ती यायची, ओट्यापाशी उभी राहून चहा करायची, माझ्या फ्रिजमधलं काय संपलंय ते माझ्याआधी तिला कळायचं. माझ्या निळ्या झाकणाच्या कॅसरोलची तुटलेली मूठ तिनेच एकदा तार गुंडाळून बसवून दिली. तिला माझ्या स्वयंपाकघरात कसला मज्जाव नव्हता. मी तिच्या घरी चहा प्याले होते. आणि आज लिहायला लाज वाटते, पण या दोन्ही गोष्टी मी ओळखीच्या दोन-चार जणांना सहज बोलता बोलता सांगितल्याही होत्या. खरंच सहज असतं तर सांगायचं सुचलंच नसतं.

तिचा प्रबंध याच प्रश्नावर होता, की जाणणारा म्हणून कोणाला मानलं जातं. एकच गोष्ट दोघं सांगतात, एकाचं ज्ञान ठरतं आणि दुसऱ्याची बडबड, ते कसं? मी तिचे मसुदे तपासायची आणि कधी कधी पेन खाली ठेवून नुसतीच बसायची. आपल्यापेक्षा हुशार विद्यार्थी मिळणं याला लोक भाग्य म्हणतात. मला तेव्हा ते तसं वाटत होतं, हे तरी खरं आहे.

मौखिकी वैशाखात आली. उन्हाने डांबर चपलेला चिकटत होतं, विभागासमोरचा अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळ्या झुंबरांनी भरला होता आणि त्याच्याखाली उभं राहिलं तरी झळ लागत होती. विभागप्रमुखांनी मला जाता जाता गाठलं. “मैडम, जो आ रहे हैं, थोड़े पुराने खयाल के हैं. खाने का… आप देख लीजिएगा.” बस, एवढंच. कोणी काही बोललं नाही, कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. आणि मला लगेच सगळं कळलं. इतक्या पटकन कळलं याची तेव्हा मला शंका यायला हवी होती.

मी सुजाताला अमलतासाखाली बोलावलं. म्हटलं, “तू जेवण आणायचं नाही. ही पद्धतच चुकीची आहे. मी ती मोडून राहिली आहे, तुझ्यापासून.”

तिचा चेहरा उजळला. “खरंच न, मॅडम? मी तर म्हणूनच राहिली होती, की प्रबंध माझा, तर परीक्षा आईच्या पोळ्यांची काहून?” मग जरा थांबून म्हणाली, “पण आई नाही ऐकणार. तिनं ठरवून ठेवलं आहे. बुद्धपौर्णिमा पण आहे न दुसऱ्या दिवशी.”

मी तिला खोटं सांगितलं असं मला तेव्हा वाटलं नाही. पद्धत खरोखरच चुकीची होती. फक्त मी ती सगळ्यांसाठी मोडत नव्हते, एकटीसाठी मोडत होते, आणि ती एकटी तीच का, हे मी स्वतःलाही सांगितलं नाही. मी तिला वाचवतेय असं मला वाटत होतं. तिला विचारावं असं मात्र वाटलं नाही. माझ्या वतीने सगळं ठरवून टाकणाऱ्या पुरुषांवर मी वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली होती.

त्या सकाळी ती आली ती पांढरी साडी नेसून, हातात तो डबा घेऊन. “आई ऐकूनच नाही राहिली, मॅडम. जेवण नाही तर नाही, म्हणे, खीर तरी ने. पौर्णिमेची खीर उद्या करायची ती आजच केली. आणि डबा बघा न, माझ्या नावाचा. मी बी.ए. झाली तेव्हा तिनं नाव टाकून आणला होता, आजपर्यंत वापरूच नाही दिला.” डबा अजून गरम होता. मी तो घेतला, म्हटलं, ठेवते, आणि आत जाऊन विभागाच्या लोखंडी कपाटात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर ठेवून कपाट बंद केलं.

मौखिकी सुंदर झाली. परीक्षकांनी विचारलं, “ज्ञान तो ज्ञान है, इसमें कौन बोला, यह सवाल कहाँ से आया?” सुजाता शांतपणे म्हणाली, “सर, मेरी माँ कपड़ा हाथ में लेकर बता देती है कि धुलने पर कितना सिकुड़ेगा. यही बात टेलर मास्टरजी कहें तो सब लिख लेते हैं, माँ कहे तो कोई सिर नहीं उठाता. ज्ञान वही है, सर. मैंने बस यह पूछा है कि सिर किसके लिए उठा.” परीक्षकांनी मान डोलावली. माझे डोळे भरून आले होते.

आणि मग जेवण. माझ्या घरून आलेलं. मी सकाळीच करून निळ्या झाकणाच्या कॅसरोलमध्ये भरून आणलं होतं, पुऱ्या, भाजी आणि कढी. पद्धत मोडणाऱ्या बाईने कढीसुद्धा केली होती. परीक्षकांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, “यह सब बिटिया के घर से आया है?”

मी म्हणाले, “जी.”

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तेच पद्धतीत बसणारं उत्तर होतं म्हणून असेल. पण ते ऐकून त्यांचा हात थांबला नाही. त्यांनी आणखी दोन पुऱ्या घेतल्या. कढी वाटीने प्याले. तोपर्यंत त्यांना माहीत होतं की ही मुलगी कोण, कुठली. प्रबंधात तिने ते आडपडदा न ठेवता लिहिलं होतं. म्हणजे ज्या भिंतीची मला भीती होती, ती त्यांच्या बाजूने नव्हतीच. निदान त्या दिवशी, त्या ताटापुरती नव्हती. ती मी सकाळी घरून डब्यात भरून आणली होती.

सुजाताला आत बोलावलं. ते म्हणाले, “बधाई हो. और बेटा, माताजी से कहना, ऐसी कढ़ी बरसों बाद खाई.”

ती टेबलाकडे बघत होती. निळं झाकण, तार गुंडाळलेली मूठ. तिने ते एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, “जी सर, कह दूँगी.”

व्हरांड्यात मी तिच्या मागे गेले. तिने फक्त विचारलं, “काहून, मॅडम?”

“तुझ्याच भल्यासाठी, सुजाता.”

“अच्छा,” ती म्हणाली. मग वाकून नमस्कार केला, व्यवस्थित, दोन्ही पायांना हात लावून, आणि सायकल काढून निघून गेली. डबा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेची सुट्टी होती, मग रविवार. सोमवारी मी कपाट उघडलं तेव्हा खोलीभर आंबूस वास आला. खीर फुगून झाकण वर आलं होतं आणि खिरीचा ओघळ गठ्ठ्यांच्या कापडावर वाळला होता. तिथल्या तिथे बसून मी रडले. मग कोणी यायच्या आत डबा घरी आणला, चिंच लावून तीनदा घासला.

रविवारी ती आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिला तिकडे रायपूरच्या बाजूला कॉलेजात नोकरी लागल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. काही वर्षांनी छत्तीसगड वेगळं झालं आणि ती तिकडचीच झाली. तिच्या प्रबंधाची एक प्रत माझ्याकडे आहे. मौखिकीच्या आधीच बांधलेली, त्यामुळे आभाराचं पान तसंच आहे: ‘माझ्या ताईंना, ज्यांच्या घरी मला कधी उंबरा लागला नाही.’ पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाची मौखिकी होती. त्याच्या आईने भरलेले डबे आले आणि ते मीच वाढले.

डबा परत करायचा होता. पण आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालून देतात. मी साखर घातली, काढली. एका दिवाळीला चिवडा भरला, तो मीच खाल्ला. त्या डब्यात घालण्यासारखं काही माझ्या घरात निघेना, आणि अशी तीस वर्षं गेली.

यंदा समोरच्या घरातल्या मुलीचा शेवटचा पेपर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. का कोण जाणे, मी डबा उतरवला, काठोकाठ साखर भरली आणि ऑटो करून गोहलपूरला गेले. गल्ली तीच. मशिनींचा आवाज तोच, फक्त आता विजेवर चालणाऱ्या. वच्छलाबाई दारातच बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या, पण त्यांनी मला लगेच ओळखलं.

“अवो माय, मॅडम! या न, बसा. काहून इतक्या दिवसांनी?”

भिंतीवर सुजाताचा काळ्या गाउनातला फोटो होता. ती आता तिकडे विभागप्रमुख आहे. “पोट्ट्या लई जीव लावतेत तिले,” वच्छलाबाई म्हणाल्या. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं आणि नाव वाचलं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. तीस वर्षं पाठ केलेलं वाक्य होतं माझ्याकडे.

तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “मॅडम, एक विचारू? मी त्या दिवशी दूध लई आटवलं होतं. मोठ्या लोकाइले आवडते का नाही, म्हणून जीव धडधड करे. पोरगी घरी आली न, तर म्हणे, आई, सायबानं सगळी खाल्ली, वाटी पुसून खाल्ली. अन् म्हणे, मॅडमनं आपल्या हातानं वाढली. मले कधी कधी वाटते, माह्या मनासाठी तर सांगून नव्हती राहिली? खरं का जी?”

त्या माझ्याकडे बघत होत्या. सुजाताने त्या संध्याकाळी घरी जाऊन आईची खीरही वाचवली होती आणि मलाही. खरं सांगितलं असतं तर माझं ओझं उतरलं असतं आणि त्यांच्या अंगावर पडलं असतं. आणि न सांगणं म्हणजे पुन्हा मीच ठरवत होते, कोणाला काय झेपेल ते. यातून चांगली अशी कुठलीच वाट मला दिसली नाही.

“हो,” मी म्हटलं. “खरं.”

त्या हसल्या. त्यांचे तीनच दात उरले होते. साखर एका पातेल्यात ओतून घेतली, डबा विसळला, आत जाऊन त्यात खीर भरली आणि माझ्या हातात दिला. “डबा असू द्या तुमच्याकडंच. तिच्याच नावाचा आहे न. तुमी तिच्या मायसारख्याच.”

ऑटोत डबा मांडीवर होता आणि साडीतून भाजत होता. मी तो खाली ठेवला नाही. घरी येऊन ओट्यापाशी, जिथे ती चहा करायची तिथे उभी राहिले आणि झाकण उघडलं. वाढायला कोणी नव्हतं, म्हणून आपल्याच हाताने वाटीत वाढून घेतली. दूध खूप आटवलेलं होतं. मी रडत रडत सगळी खाल्ली, वाटी पुसून खाल्ली. तीस वर्षांपूर्वी कपाट उघडून ही खीर वाढायला पाच मिनिटं लागली असती.